राजीनामा देतानाही कर्तव्य न सोडणारे चिंतामणराव देशमुख

नव्या पदावर रुजू होणाऱ्या व्यक्तीचे स्वागत पुष्पगुच्छ देऊन केले जाते. पद सोडून जाणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुधा कुजबुज येते. तो रागावून गेला की त्याला जावे लागले, त्याला दुसरीकडे अधिक पगार मिळाला की त्याने कोणाशी भांडण केले, अशी चर्चा सुरू होते. त्यामुळे राजीनामा हा शब्दच आपल्याकडे काहीसा अशुभ मानला गेला आहे. परंतु पद स्वीकारणे ही जशी जबाबदारी आहे तशीच पद सोडणे हीसुद्धा एक जबाबदारी आहे, आणि ती नीट पार पाडावी लागते, याची जाणीव करून देणारे एक थोर व्यक्तिमत्त्व आपल्या कोकणभूमीत जन्माला आले. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून आपण वाचलेले असते. मराठी माणसाच्या मनात मात्र ते १९५६ सालच्या जुलै महिन्यात केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे चिंतामणराव म्हणून अधिक ठसले आहेत. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. त्यास चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. आजच्या तरुण पिढीला त्यांच्या राजीनाम्याची केवळ घटना ठाऊक असते. तो राजीनामा त्यांनी कसा दिला, देण्यापूर्वी काय केले आणि दिल्यानंतर ते कसे वागले, हे जाणून घेणे अधिक बोधप्रद आहे.

रायगडाच्या परिसरातील बालपण

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ हे वकील होते. घरात शिस्त होती आणि विद्येविषयी आदर होता. रोहे व आसपासच्या गावांत आरंभीचे शिक्षण घेतल्यानंतर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. संस्कृतविषयीची ही ओढ त्यांना जन्मभर पुरली. पुढे अर्थकारणाच्या रूक्ष कागदपत्रांत आयुष्य गेले तरी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद करण्याइतका आणि स्वतः संस्कृत काव्यरचना करण्याइतका वेळ त्यांनी काढला.

१९१५ साली ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल १९१७ साली त्यांना विद्यापीठाचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर १९१८ साली लंडन येथे झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. ज्या परीक्षेत केवळ उत्तीर्ण होणे हेही भारतीय तरुणांना दुर्लभ वाटत असे, तीत कोकणातील एका वकिलाचा मुलगा सर्वांत पुढे होता.

न दिलेला राजीनामा

यशाच्या या शिखरावरच त्यांच्यापुढे पहिला पेच उभा राहिला. परक्या सत्तेची चाकरी करावी की ती नाकारून देशकार्यात उडी घ्यावी? त्या सुमारास लोकमान्य टिळक चिरोल खटल्याच्या निमित्ताने लंडनमध्ये वास्तव्यास होते. तरुण चिंतामणरावांनी त्यांची भेट घेतली आणि आपली द्विधा मनःस्थिती त्यांच्यापुढे मांडली, अशी हकीकत सांगितली जाते. उद्या देश स्वतंत्र होईल तेव्हा कारभार जाणणाऱ्या माणसांची गरज भासेल, म्हणून नोकरी न सोडता अनुभव घ्यावा, असा सल्ला लोकमान्यांनी त्यांना दिला. चिंतामणरावांनी तो मानला.

ही हकीकत अनेकांना खटकण्यासारखी आहे. ज्या काळात कित्येकांनी शाळा-महाविद्यालये व सरकारी नोकऱ्या सोडल्या, कारावास पत्करला, त्या काळात हा बुद्धिमान तरुण इंग्रज सरकारच्या सेवेत राहिला. पुढे १९४४ साली त्यांना सर हा किताबही मिळाला. त्यांच्या देशप्रेमाविषयी शंका घेणारेही असू शकतील. परंतु नोकरी सोडणे हाच एकमेव सन्मानाचा मार्ग असतो असे नाही. कधी कधी आत राहून, निष्ठेने काम शिकून, त्या कामाचे चीज होण्याच्या दिवसाची वाट पाहणे हेही व्रतच असते. मात्र तो दिवस खरोखर उजाडला म्हणजे माणूस काय करतो, यावर त्या वाट पाहण्याचा अर्थ ठरतो.

मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी जवळजवळ दोन दशके प्रशासकीय सेवा केली. जिल्ह्याच्या कारभारापासून प्रांताच्या महसूल व अर्थ खात्याच्या सचिवपदापर्यंतच्या पायऱ्या ते चढत गेले. १९३१ साली लंडन येथे भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले.

रिझर्व्ह बँकेतील कामगिरी

१९३९ साली त्यांची नेमणूक रिझर्व्ह बँकेत झाली. ही बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झालेली, म्हणजे अवघी चार वर्षांची होती. तिचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचे सरकारशी मतभेद झाले व १९३७ साली त्यांनी पद सोडले होते. दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर हे १९४३ च्या फेब्रुवारीत पदावर असतानाच मरण पावले. त्यानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव गव्हर्नर झाले. त्या आसनावर बसणारे ते पहिले भारतीय होत.

तो काळ अतिशय कठीण होता. दुसरे महायुद्ध चालू होते, बंगाल दुष्काळाने होरपळत होता आणि महागाई वाढत होती. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जगातील ४४ राष्ट्रांची आर्थिक परिषद भरली. याच परिषदेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था जन्मास आल्या. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपची पुनर्बांधणी जितकी महत्त्वाची, तितकाच गरीब राष्ट्रांचा विकासही महत्त्वाचा आहे, ही बाजू भारताच्या प्रतिनिधींनी तेथे आग्रहाने मांडली.

१९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा चलन, ठेवी व देणी यांची वाटणी करण्याचे नाजूक काम त्यांच्या वाट्याला आले. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. खाजगी भागधारकांच्या मालकीची बँक राष्ट्राच्या मालकीची झाली आणि तिचा कारभार विस्कळीत न होता हे स्थित्यंतर पार पडले. त्याच वर्षी ३० जून रोजी त्यांनी गव्हर्नरपदाची मुदत संपवून निरोप घेतला.

अर्थमंत्रिपदाची धुरा

स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी १९४८ साली राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले डॉ. जॉन मथाई हे केरळमधील ख्रिस्ती घराण्यातील विद्वान अर्थतज्ज्ञ होते. नियोजन आयोगाची स्थापना व त्याचे अधिकार यांविषयी पंडित नेहरूंशी त्यांचे तात्त्विक मतभेद झाले आणि १९५० साली त्यांनीही पद सोडले. त्यांच्या जागी १ जून १९५० रोजी चिंतामणराव अर्थमंत्री झाले. त्यापूर्वी काही आठवडे ते त्याच नियोजन आयोगाचे सदस्य म्हणून काम पाहू लागले होते. पुढे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेचे रूपांतर स्टेट बँक ऑफ इंडियात झाले. बँकेने पाच वर्षांत ४०० नव्या शाखा, विशेषतः लहान गावांच्या परिसरात, उघडाव्यात असे ठरले. या स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष म्हणून कोणाची नेमणूक झाली? मतभेदामुळे मंत्रिपद सोडून गेलेल्या डॉ. जॉन मथाई यांचीच. एकाने सन्मानाने पद सोडले आणि दुसऱ्याने सत्तेवर असताना त्या मतभेदाचा डूख धरला नाही. राजीनामा सभ्यपणे दिला आणि सभ्यपणे स्वीकारला गेला, तर माणसांमधील पूल तुटत नाहीत, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

१९५३ सालच्या जानेवारीत चिंतामणरावांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. त्यांची पहिली पत्नी रोझिना १९४९ साली निवर्तली होती. दुर्गाबाई या संविधान सभेच्या सदस्य आणि स्त्रियांच्या व दुर्बलांच्या कल्याणासाठी आयुष्य वेचणाऱ्या समाजसेविका होत्या. या नोंदणी विवाहाचे एक साक्षीदार होते पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. इतके निकटचे संबंध असलेल्या व्यक्तीच्या विरोधात अवघ्या साडेतीन वर्षांनी त्यांना लोकसभेत उभे राहावे लागणार होते.

कुणकेश्वरच्या किनाऱ्याला मुंबई का हवी होती?

हा राजीनामा ज्या प्रश्नावरून झाला, तो प्रश्न आपल्या किनारपट्टीच्या दृष्टीने समजून घ्यावयास हवा. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालापर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे समुद्राला भिडून उभ्या असलेल्या शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले गाव. कुणकेश्वर, देवगड, आचरा, मालवण या पट्ट्यात जमीन थोडी आणि खडकाळ, भातशेती पावसावर अवलंबून आणि मासेमारी हंगामापुरती. वर्षभर घर चालवायचे तर घरातला एखादा कर्ता पुरुष मुंबईला असणे भागच होते.

मुंबईहून निघालेल्या आगबोटी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात. त्या बोटींतून चाकरमानी गावी येत आणि सण आटोपून परत जात. गिरण्या, गोदी, छापखाने, कचेऱ्या, रुग्णालये अशा सर्व ठिकाणी कोकणी माणूस राबत होता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वच घरांतील मुले मुंबईला जात. पोस्टमनने आणून दिलेल्या मनीऑर्डरीवर गावातील चूल पेटत असे. म्हणूनच मुंबई कोणत्या राज्यात असावी हा दिल्लीतल्या नकाशावरील प्रश्न वाटला तरी या गावांना तो आपल्या घरातला प्रश्न होता. आपल्या श्रमावर उभ्या राहिलेल्या शहरात आपण उद्या परके ठरणार की काय, ही त्यामागची भीती होती.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. भाषिक तत्त्वावर अनेक राज्यांची शिफारस करणाऱ्या या आयोगाने सर्व मराठी भाषकांचे एकत्र राज्य मात्र मान्य केले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन येथे निदर्शकांवर गोळीबार झाला. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर मुंबईत उसळलेल्या दंगलीत आणि पोलिसांच्या गोळीबारात कित्येकांचे प्राण गेले. मरण पावलेल्यांत साधी, कष्टकरी माणसे होती.

जानेवारी ते जुलै

मंत्रिमंडळात बसलेल्या चिंतामणरावांची स्थिती बिकट झाली. सर्वमान्य तोडगा निघावा यासाठी त्यांनी प्रयत्न करून पाहिले होते. मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी असते. निर्णय आपल्याला पटला नाही तरी बाहेर त्याचे समर्थन करावे लागते, आणि ते करता येत नसेल तर दूर व्हावे लागते. आत राहून बाहेर कुरकुर करण्याचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. जानेवारी १९५६ मध्येच त्यांनी आपला राजीनामा पंतप्रधानांकडे सादर केला. नेहरूंनी त्यांना थांबण्याची विनंती केली. प्रश्नाचा फेरविचार होण्यास अद्याप वाव होता, म्हणून ते थांबले.

या सहा महिन्यांतील त्यांचे वर्तन हे त्यांच्या राजीनाम्याइतकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याचे मन पदावरून उठले आहे, त्याचा हात कामावरून उठण्यास वेळ लागत नाही. कागद साचू लागतात, निर्णय पुढे ढकलले जातात, मी आता काही दिवसांचाच आहे असे सांगितले जाते. चिंतामणरावांनी तसे होऊ दिले नाही. २९ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांनी देशाचा अर्थसंकल्प सादर केला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आर्थिक बाजूची तयारी पूर्ण करून घेतली.

आणखी एक मोठे काम त्यांच्या हातात होते. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला होता आणि त्या दिवशी त्यांनीच आकाशवाणीवरून देशाला त्याची माहिती दिली होती. देशी-विदेशी विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्थांचा हा पसारा होता. सामान्य माणसाने मुलाबाळांसाठी बाजूला काढलेला पैसा त्यात गुंतलेला होता. त्यासंबंधीचा कायदा जून १९५६ मध्ये संसदेत संमत होऊन १ जुलैपासून अमलात आला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळाची स्थापना झाली तेव्हा चिंतामणराव मंत्रिपदावर नव्हते. परंतु त्या संस्थेचा पाया घालूनच ते बाहेर पडले होते.

राजीनामा देऊन सहा महिने ते का थांबले, जानेवारीत लोक मरत असतानाच तडक बाहेर का पडले नाहीत, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. प्रश्न गैरवाजवी नाही. ज्यांच्या घरातील माणसे गेली, त्यांना प्रत्येक दिवस मोठा वाटला असणार. तथापि, ज्याच्या शब्दाला आत वजन आहे त्याने अखेरची शक्यता संपेपर्यंत ते वजन वापरून पाहावे, यालाही अर्थ आहे. मर्यादा एवढीच की, ती शक्यता खरोखर संपली म्हणजे खुर्ची सोडण्यास विलंब लावू नये. जूनच्या आरंभी मुंबईत काँग्रेस महासमितीच्या बैठकीच्या वेळी नेहरूंनी मुंबई शहर पाच वर्षे केंद्राच्या अखत्यारीत राहील असे जाहीर केले. ती शक्यता तेथे संपली. जुलैमध्ये चिंतामणरावांचा राजीनामा स्वीकारण्यात आला.

लोकसभेतील निवेदन

मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या सदस्याला अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात आपली बाजू मांडता येते, अशी संसदीय प्रथा आहे. २५ जुलै १९५६ रोजी चिंतामणरावांनी तसे निवेदन केले. ते कठोर होते. इतक्या मोठ्या प्रश्नावरील निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता पंतप्रधानांनी परस्पर जाहीर केला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मुंबईतील पोलीस गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारण्यात आली, याबद्दलही त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली.

या निवेदनाकडे बारकाईने पाहिले असता तीन गोष्टी दिसतात. पहिली, ज्यांच्याविषयी तक्रार होती त्यांच्यापुढेच ते बोलले. सभागृहात पंतप्रधान होते आणि उत्तर देण्याचा त्यांना अधिकार होता. दुसरी, त्यांचा रोख कार्यपद्धतीवर आणि निर्णयावर होता. नेहरूंच्या घरगुती वा खाजगी गोष्टी, दीर्घ सहवासात कानावर पडलेल्या गुजगोष्टी त्यांनी चव्हाट्यावर आणल्या नाहीत. तिसरी, आपण स्वतः काय गमावले याचे रडगाणे त्यात नव्हते. बोलणे होते ते ज्यांना न्याय मिळाला नाही त्यांच्याविषयी. सौम्यपणा म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे आणि स्पष्टपणा म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे त्या दिवशी देशाने पाहिले.

महाराष्ट्रात त्यांचा जयजयकार झाला. आचार्य अत्रे यांच्यासारख्या धुरंधर संपादकाने त्यांचा गौरव केला. रायगडाच्या परिसरात जन्मलेल्या या माणसाने मराठी जनतेची मान उंच केली, अशी सार्वत्रिक भावना होती. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने मुंबई शहरासह गुजरात व महाराष्ट्र यांचे मिळून विशाल द्विभाषिक राज्य करण्याचे ठरविले. मुंबई केंद्रशासित करण्याचा बेत बारगळला. हे केवळ एका राजीनाम्यामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे हजारो लोकांचा लढा होता. हा लढा पुढेही चालू राहिला. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीला मोठे यश मिळाले आणि दक्षिण कोकणातील राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै लोकसभेवर गेले. अखेर शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

पद गेल्यानंतरचे जीवन

लोकप्रियतेची लाट उंच असताना चिंतामणरावांना राजकारणात मोठे स्थान मिळविणे अवघड नव्हते. त्यांनी तो मार्ग धरला नाही. आपल्या राजीनाम्याचे भांडवल करून नवे पद मिळविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९५६ सालीच त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९६१ पर्यंत देशातील उच्च शिक्षणाची घडी बसविण्यासाठी परिश्रम घेतले. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, विद्यापीठांची ग्रंथालये, अध्यापकांचे वेतन अशा विषयांत त्यांनी लक्ष घातले. ज्या केंद्र सरकारशी त्यांचा जाहीर मतभेद झाला, त्याच सरकारला त्यांच्या हाती देशातील विद्यापीठे सोपवावीशी वाटली. ही दोन्ही बाजूंची थोरवी होय.

१९५९ साली शासकीय सेवेबद्दल त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्रदान करण्यात आला. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभे राहिले व तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्या पराभवाची कटुता त्यांनी मनात बाळगली नाही. १९७४ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७५ साली त्यांना आणि दुर्गाबाईंना, दोघांनाही, पद्मविभूषण किताबाने गौरविण्यात आले. १९८१ च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी चिंतामणरावांनीही या जगाचा निरोप घेतला.

आपल्या जीवनासाठी बोध

आपल्यापैकी कोणी देशाचे अर्थमंत्री होणार नाही. परंतु नोकरी सोडण्याचा प्रसंग बहुतेकांवर येतो. कोणी शाळेत शिक्षिका असते, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी पतपेढीत लेखनिक, कोणी आखातात किंवा जहाजावर नोकरीला. कधी बढती नाकारली जाते, कधी अपमान होतो, कधी हिशेबात काहीतरी गैर करण्याचा आग्रह धरला जातो. धर्मग्रामातील समित्यांमध्ये सेवा करणाऱ्यांवरही असा प्रसंग येतो. एखाद्या बैठकीत शब्दाला शब्द लागतो आणि दुसऱ्या दिवसापासून चिटणीस फिरकेनासा होतो. नोंदवही त्याच्या घरी, किल्ली त्याच्या खिशात आणि रोष सर्वांच्या मनात. राजीनामा दिलेला नसतो, फक्त काम सोडलेले असते.

पवित्र सभेच्या कायद्यातही पदत्यागाला निश्चित स्थान आहे. वयाची ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर बिशपांनी पोप महोदयांकडे राजीनामा सादर करावा, अशी त्यात तरतूद आहे. तो स्वीकारला जाईपर्यंत ते आपल्या धर्मप्रांताची सेवा करीत राहतात. २०१३ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारीला आपला निर्णय जाहीर केला, वाढते वय व घटती शक्ती हे कारण स्पष्टपणे सांगितले आणि २८ फेब्रुवारी हा पद रिक्त होण्याचा दिवसही नेमून दिला. निर्णय कोणाच्या दबावाखाली नसावा, तो स्पष्ट शब्दांत कळवावा आणि मधल्या काळात सेवेत खंड पडू नये, हीच रीत तेथेही आपणास दिसते.

चिंतामणरावांच्या उदाहरणावरून घेण्यासारखे धडे साधे आहेत. राग शांत झाल्यावरही कारण तेवढेच सबळ वाटते का, हे आधी पडताळून पाहावे. आपला निर्णय प्रथम वरिष्ठांना, लेखी आणि थोडक्या शब्दांत कळवावा. तो त्यांना इतरांकडून कळू नये. ठरलेल्या मुदतीत नेहमीपेक्षा अधिक काळजीने काम करावे. हाती असलेला हिशेब, कागदपत्रे व किल्ल्या सही घेऊन सोपवाव्यात आणि मागाहून येणाऱ्याला अडणार नाही इतकी माहिती द्यावी. अन्यायाविरुद्ध बोलावयाचे असेल तर जेथे उत्तर मिळू शकते अशा योग्य ठिकाणी, योग्य व्यक्तीसमोर बोलावे. चहाच्या टपरीवर बोलून अन्याय दूर होत नाही. आणि एकदा बाहेर पडल्यानंतर, जेथे इतकी वर्षे आपले अन्न शिजले त्या घराची निंदा करीत हिंडू नये.

मात्र यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट या यादीत बसणारी नाही. चिंतामणरावांच्या राजीनाम्याला जे मोल आले, ते त्यापूर्वीच्या छत्तीस वर्षांच्या चोख सेवेमुळे आले. ज्याने काम मन लावून केलेले असते, त्याचे जाणे संस्थेला जाणवते आणि जाताना त्याने उच्चारलेले शब्द ऐकले जातात. ज्याने आधीच कामचुकारपणा केलेला असतो, त्याच्या राजीनाम्याने सहकाऱ्यांना सुटल्यासारखे वाटते. त्यामुळे सन्मानाने पद सोडण्याची तयारी शेवटच्या दिवशी करता येत नाही. ती रुजू झाल्याच्या दिवसापासूनच सुरू होते.

आज मुंबईत हुतात्मा चौकातून जाताना तेथील स्मारकाकडे आपली नजर जाते. त्या स्मारकापाशी ज्यांचे स्मरण केले जाते, त्यांनी आपले सर्वस्व दिले. चिंतामणरावांनी दिले ते एक पद. दोहोंची तुलना होऊ शकत नाही आणि त्यांनीही ती कधी होऊ दिली नसती. परंतु सत्तेच्या दालनात बसलेल्या एका माणसाला रस्त्यावर पडलेल्या त्या अनोळखी माणसांची लाज राखावीशी वाटली, म्हणून तो उठला, आपले काम पूर्ण करून, आपले म्हणणे उभे राहून सांगून बाहेर पडला. कोकणच्या या सुपुत्राचे हे स्मरण, पद स्वीकारणाऱ्या आणि पद सोडणाऱ्या अशा आपणा सर्वांना मार्गदर्शक ठरो.